सर्वो बदलण्याआधी चाक हलवून बघा

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलंय का ते तुम्हालाही कळेल. गाडी रिमोटवर चालणारी, एक दशांश मापाची, फोर व्हील ड्राइव्ह, ऑफ-रोड ट्रक. अडीच वर्षं जुनी. जुळे सोलापुरातल्या मोकळ्या प्लॉटांवर दर रविवारी तुम्ही आणि मुलगा पळवता. आता डांबरी रस्त्यावर वेगात सोडली की सरळ जात नाही, झोकांड्या खाते. उजवीकडे वळवून स्टिअरिंग सोडलं की चाकं पूर्ण मध्यावर येत नाहीत, किंचित उजवीकडेच राहतात. पुढचं चाक हाताने धरलं तर चांगलंच हलतं. म्हणून तुम्ही सर्वो, म्हणजे रिमोटच्या हुकमावर चाकं वळवणारी छोटी मोटर, बदलला; २० किलो जोराचा, मेटल गिअरचा आणून बसवला, पण फरक पडला नाही. आता कुणीतरी सांगितलंय की सर्वो-सेव्हर, म्हणजे सर्वोला धक्क्यापासून वाचवणारा स्प्रिंगचा सांधा, फेविक्विकने चिकटवून टाका. चिकटवू का, असा तुमचा प्रश्न.

नका चिकटवू. का ते पुढे येतंच.

मी मूळचा यंत्रमागावरचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझी उमेदीची वर्षं गेली. टॉवेलच्या कापडात आडवे पट्टे दिसायला लागले की नवा माणूस आधी सुताला नावं ठेवायचा. जुना जॉबर माग बंद करायचा, फणीचा दांडा हाताने हळू मागे-पुढे करायचा आणि कान द्यायचा. क्रँक-आर्मच्या बुशमध्ये (दांडा ज्यात फिरतो ती नळी) प्ले, म्हणजे ढिलाई, असला की बारीक ‘खट’ ऐकू यायची. सूत बदलून ती खट जात नसते. तुमचा सर्वो म्हणजे ते सूत. पैसे गेले ते गेले, सर्वो वाया जाणार नाही, पण दुखणं दुसरीकडे आहे.

सर्वोपासून चाकापर्यंत जोर कसा जातो ते एकदा गाडी उघडून बोटाने दाखवत जा. सर्वोच्या आतले गिअर, मग शाफ्टवर बसलेली पट्टी म्हणजे हॉर्न, हॉर्नवरचा बॉल, त्याला अडकलेली दांडी म्हणजे ड्रॅग लिंक, पुढे दोन पोस्टांवर (उभ्या खुंट्यांवर) फिरणारे कोपरासारखे बेल-क्रँक, त्यांच्यापासून दोन्ही बाजूंना जाणाऱ्या दांड्या म्हणजे टाय रॉड, टाय रॉडच्या टोकाला चाक धरणारं नकल, नकल ज्यावर वळतं ते किंगपिन, आणि शेवटी चाकाची बेअरिंगं. यातला प्रत्येक सांधा थोडा सैल असतोच, नवा असतानाही. अडीच वर्षांत प्रत्येक जण जरा जरा वाढवतो आणि सगळ्यांची बेरीज चाकावर येते. ढोबळ हिशोब करू. चार सांध्यांत प्रत्येकी ०.२ मिमी प्ले धरला तर झाला ०.८ मिमी. टाय रॉड नकलच्या ज्या कानाला अडकतो तो कान किंगपिनपासून साधारण २० मिमीवर असतो. म्हणजे चाक सव्वादोन अंश मोकळं फिरणार. १०० मिमी व्यासाच्या टायरची पुढची कड त्यात २ मिमी इकडची तिकडे होते. डोळ्याला दिसेल असं कुठंच काही तुटलेलं नाही, आणि तरी चाक डुलतंय. त्यामुळे ‘एक खराब पार्ट’ शोधत बसलात तर तो बहुतेक वेळा सापडतच नाही.

आता तपासणी. ही नीट केलीत तर निम्मं काम झालं. बॉडी काढा. गाडीच्या पोटाखाली काहीतरी ठेवा, चारही चाकं अधांतरी हवीत. आमच्या घरी शेंगा चटणीचा रिकामा डबा या कामाला ठेवलाय, मापात बसतो. आधी रिमोट चालू करा, मग गाडी. हा क्रम उलटा करू नका. गाडी चालू असली की सर्वो मध्यावर धरून राहतो, आणि तो धरून असतानाच प्ले मोजायचा. बंद गाडीचं चाक हलवून काही कळत नाही, कारण मग सर्वोसकट सगळंच फिरतं. मोटर जोडलेली आहे, मुलाला रिमोटच्या ट्रिगरवरून बोट काढायला सांगा.

काळ्या प्लास्टिकवर हालचाल दिसत नाही म्हणून प्रत्येक सांध्यावर व्हाइटनरचा बारीक ठिपका द्या: हॉर्नवर, ड्रॅग लिंकच्या दोन्ही टोकांना, दोन्ही बेल-क्रँकवर, टाय रॉडवर, नकलवर. खिडकीजवळ उजेडात बसा. डावं चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी दोन बोटांनी धरा आणि अगदी हलक्या हाताने आत-बाहेर करा, चिमणीचं पिल्लू धरल्यासारखं. चाक हललं, नकल हललं का? नकल हललं, टाय रॉड हलला का? टाय रॉड हलला, बेल-क्रँक हलला का? चाकाकडून सर्वोकडे एकेक सांधा बघत जा. दोन शेजारच्या ठिपक्यांपैकी एक हलतो आणि दुसरा मागे राहतो, ती जागा प्लेची. कागदावर लिहून ठेवा, किती वाटला तेही. मग उजव्या चाकाला तेच. मग दोन्ही चाकं बारा आणि सहाच्या जागी धरून वर-खाली तिरकी करून बघा. त्यात नकल स्थिर राहून फक्त चाक डुललं तर बेअरिंग गेलंय. नकलही डुललं तर किंगपिन किंवा त्याचं बुश. नकल धरणारी अख्खी आर्म हलली तर आर्मची हिंज पिन, म्हणजे आर्म ज्यावर वर-खाली होते ती सळई.

हलक्या हाताने असं मी म्हटलं त्याला कारण आहे. जोर लावलात की चाक बऱ्यापैकी फिरतं आणि सोडलं की परत येतं. तो प्ले नाही, तो सर्वो-सेव्हर. स्प्रिंगचा आहे, दगडावर चाक आपटलं की तो झटका स्वतः खातो आणि सर्वोच्या गिअरपर्यंत जाऊ देत नाही. ढिलाई आणि लवचिकपणा यांत गल्लत झाली की माणूस सेव्हरला फेविक्विक लावतो, आणि पुढच्याच रविवारी वरवंट्याएवढ्या दगडाला धडकून नव्या सर्वोचे दात काढून घेतो. मेटल गिअर असले तरी. दात टिकले तर शाफ्ट वाकतो, शाफ्ट टिकला तर सर्वोचे कान तुटतात. दगडांवरून मुंगीच्या वेगाने चढणाऱ्या क्रॉलर गाड्यांत सेव्हर न लावता सरळ मेटल हॉर्न लावतात, ते चालतं. पळणाऱ्या गाडीला नाही.

सेव्हर खरंच मऊ पडला असेल तर त्याची वेगळी खूण आहे. गाडी डब्यावर असताना चाकं पूर्ण वळतात, पण खाली माळावर ठेवली, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की हॉर्न वळतो आणि चाकं जेमतेम वळतात. असं होत असेल तर सेव्हरवरचा गोल नट पाव आटा आवळा, पुन्हा बघा, लागलं तर अजून पाव. स्प्रिंग पूर्ण मिटेपर्यंत आवळलात तर तो चिकटवल्यासारखाच झाला.

पाळी कुणाची आधी येते? माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांत बेल-क्रँकची. निदान आपल्याकडे तरी. आपले मोकळे प्लॉट म्हणजे एक तर काळी माती, नाही तर वर टाकलेला मुरूम. मुरमाचे कण कठीण, आणि बेल-क्रँक चॅसिसच्या अगदी तळाशी, पुढच्या चाकांनी उडवलेली सगळी धूळ जिथे जमते तिथेच असतात. त्यांची बुशं कित्येक गाड्यांत नुसती प्लास्टिकची असतात. वर भर म्हणून आपण काय करतो, तर आवाज येतो म्हणून तेल सोडतो. तेल आणि मुरूम मिळून व्हॉल्व्ह घासायची पेस्ट तयार होते. मग दर वळणाला बुशही घासलं जातं आणि पोस्टही.

त्यामुळे वरची प्लेट काढा, बेल-क्रँक उचला आणि पोस्ट कोरड्या फडक्याने पुसून उजेडात धरा. एका बाजूला चकाकणारा चट्टा दिसला की पोस्ट एकांगी झिजलाय. व्हर्निअरने पोस्टची जाडी घ्या, बुशच्या भोकाचं माप घ्या. फरक ०.१ मिमीच्या वर असेल तर मी ते बुश परत बसवत नाही. इथे दोन रस्ते आहेत. तुमच्या मॉडेलला फ्लँजवाल्या (कडेला पातळ ओठ असलेल्या) छोट्या बेअरिंगांचा संच मिळत असेल तर सरळ तो घ्या. बेअरिंग निवडताना मॉडेलच्या नावापेक्षा मापावर विश्वास ठेवा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ५×८×२.५ मिमीला एमआर८५ म्हणतात, फ्लँज असेल तर एमएफ८५. मिळत नसेल तर लेथवाल्याकडे जा. सोलापुरात मागाचे पार्ट करणारे लेथ काय कमी आहेत का! पितळी बुश काढून घ्या, पोस्ट बरोबर न्या, त्यावर घालूनच मापाला आणायला सांगा. त्याला आकडे सांगत बसू नका. ‘फिरला पाहिजे, डुलला नाही पाहिजे’ एवढं म्हणा, त्याला कळतं. पोस्टच झिजला असेल तर आधी पोस्ट बदला, झिजलेल्या पोस्टवर नवं बुश म्हणजे फुटक्या मडक्याला नवं झाकण.

बेल-क्रँक वर-खालीही हलत असेल तर मधे पातळ वायसर लागतो. तयार ०.१ आणि ०.२ मिमीचे शिम मिळतात. हाताशी नसतील तर कोल्ड्रिंकच्या अॅल्युमिनियम कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, त्यातून कात्रीने गोल कापा आणि कडा पॉलिश पेपरवर मारून घ्या. आणि पोस्टला खालून धरणारे स्क्रू बघायला विसरू नका. ते चॅसिसच्या पोटाला असतात, दगडांवर घासून त्यांची डोकी गुळगुळीत होतात आणि कुणाचं लक्ष जात नाही. पोस्टच खाली सैल असेल तर वर कितीही भारी बेअरिंग घाला, उपयोग नाही.

दुसरा नंबर बॉल-कपांचा, म्हणजे बॉलवर दाबून बसणाऱ्या प्लास्टिकच्या टोकांचा. ड्रॅग लिंकची दोन टोकं आणि टाय रॉडांची चार, असे सहा. टाय रॉड दोन बोटांत धरून त्याच्या लांबीच्या दिशेने ओढा-ढकला. टिकटिक असा आवाज आला तर कप गेला. पण त्याआधी बॉलच्या बुडाशी बघा. किती तरी वेळा कप ठणठणीत असतो आणि बॉल-स्टडच प्लास्टिकच्या नकलमध्ये सैल झालेला असतो, आटे गेल्यामुळे. तिथे नुसतं आवळून भागत नाही. स्टड काढा, भोकात फेविक्विकचा एक थेंब फिरवा, रात्रभर पूर्ण वाळू द्या आणि मग स्टड हळू हळू फिरवत नवे आटे पाडा. वाळायच्या आत घातलात तर तो कायमचा तिथलाच. पलीकडून नट लावता येत असेल तर लांब स्टड घालून मागे नायलॉन नट लावणं सगळ्यात उत्तम.

कपच झिजले असतील तर नवे घ्या, स्वस्त असतात, पाकिटात दहा-बारा येतात. पण पार्सल येईपर्यंत रविवार वाया घालवायचा नसेल तर एक जुगाड आहे. कप बॉलवरून काढा, पातळ कॅरीबॅगचा सेंटिमीटरभर तुकडा बॉलवर ठेवा आणि कप परत दाबून बसवा. बाहेर आलेलं प्लास्टिक ब्लेडने कापा. दोन-चार रविवार आरामात निघतात. पक्कडीने कप दाबून घट्ट करतात तेही चालतं, पण अगदी हळू. जास्त दाबला की भोक लंबगोल होतं, मग एका दिशेला घट्ट आणि दुसरीकडे सैल.

नवे कप बसवताना टर्नबकलची (फिरवून लांबी कमी-जास्त होणाऱ्या दांडीची) लांबी जुन्याइतकीच ठेवा, काढण्याआधी मोजून लिहा. टर्नबकलच्या एका टोकाला उलटे आटे असतात. दोन्ही टाय रॉडांचं उलट्या आट्याचं टोक एकाच बाजूला ठेवलंत तर पुढे माळावर पान्हा फिरवताना डोकं खाजवावं लागत नाही.

चाकाची बेअरिंगं. यात आपल्या गावाची खास भर म्हणजे सूत. मागाच्या शेडच्या आसपास गाडी पळवली की रस्त्यावरचे दोऱ्याचे तुकडे अॅक्सलला गुंडाळले जातात आणि चाकाच्या आत, बेअरिंगला चिकटून, घट्ट कडं तयार होतं. एकदा शेजारच्या पोराची गाडी आली, पुढचं उजवं चाक काढलं तर आत पांढरं-हिरवं-लाल असं सुताचं वेटोळं, सोलापुरी चादरीची किनारच जणू. ब्लेडने उभं कापलं तेव्हा खालून बेअरिंगचं रबरी सील फाटलेलं निघालं आणि आत छर्ऱ्यांऐवजी गंजाची भुकटी. चाक बारा-सहाला दीड-दोन मिमी डुलत होतं. पोराच्या वडिलांनी तोवर रिमोट दुरुस्तीला दिला होता. तेव्हा महिन्यातून एकदा चारही चाकं काढून आत बघाच. बेअरिंग घेताना धातूच्या झाकणाचं नको, रबर सीलचं घ्या, त्यावर ‘२आरएस’ लिहिलेलं असतं. एक दशांश गाड्यांत ५×११×४ मिमी म्हणजे एमआर११५, आणि १०×१५×४ म्हणजे ६७००, ही मापं बऱ्याचदा दिसतात, पण तुमचं मोजूनच मागवा.

किंगपिनचं थोडक्यात. स्क्रू सैल झालेला असेल तर आवळा, पण नकल स्वतःच्या वजनाने फिरलं पाहिजे. बुश झिजलं असेल तर बदला. तुमच्या गाडीत पिलो-बॉल पद्धत असेल, म्हणजे नकल किंगपिनऐवजी मोठ्या गोळ्यांवर फिरत असेल, तर त्याचा नट हाताला जड लागेपर्यंत आवळून मग अर्धपाव आटा मागे घ्या.

आता तुमच्या नव्या सर्वोकडे येऊ, कारण तिथेही एक शंका आहे. हॉर्न जुनाच वापरलात का? सर्वोच्या शाफ्टला दात असतात, कंपनीप्रमाणे २३, २४ किंवा २५. शाफ्टची जाडी जवळपास सारखीच, त्यामुळे २३ चा प्लास्टिकचा हॉर्न २५ च्या शाफ्टवर दाबून बसवला की बसल्यासारखा वाटतो. चार वळणांत आतले दात घासून निघतात आणि हॉर्न शाफ्टवर डुलायला लागतो. हॉर्नचा ठिपका आणि शाफ्टच्या मधल्या स्क्रूचा ठिपका एकत्र हलतात का बघा. मागे सर्वोची बॉडीही बघा, कान धरणारे स्क्रू सैल असतील किंवा खाली मऊ रबर असेल तर वळवताना अख्खा सर्वो एका बाजूला ढकलला जातो. ती ढिलाई कुणी मोजत नाही. आणि हे सगळं सोडून लिंक काढलेली असताना नुसता हॉर्नच हलत असेल, तर मात्र दोष सर्वोच्या गिअरचा, दुकानदाराला परत करा.

जाता जाता: ज्यांच्याकडे छोट्या स्वस्त गाड्या आहेत त्यांनी सर्वो मागवण्याआधी वायरी मोजाव्यात. बऱ्याच गाड्यांत पाच वायरींचा सर्वो असतो, त्याचा मेंदू गाडीच्या मुख्य बोर्डावर असतो. त्याच्या जागी तीन वायरींचा साधा सर्वो चालत नाही. आणि गड्ड्याच्या यात्रेत मिळणारी खेळण्यातली गाडी असेल, जिचं चाक फक्त पूर्ण डावं, मध्य आणि पूर्ण उजवं एवढंच ओळखतं, तिला ही सगळी विद्या लावू नका. ती तशीच असते.

‘उजवीकडे वळवून सोडलं की मध्यावर येत नाही’ ही तक्रार वेगळी काढून बघा. टाय रॉड आणि ड्रॅग लिंक जागेवर ठेवून फक्त हॉर्नवरचा कप काढा. आता रिमोट फिरवा. एकटा हॉर्न दर वेळी नेमक्या त्याच जागी परत आला तर सर्वो शुद्ध आहे. मग गाडी हातात घेऊन डावीकडे-उजवीकडे कलती करा. पुढची चाकं स्वतःच्या वजनाने लटकन एका बाजूला पडली पाहिजेत. अडकली, रेंगाळली तर कुठेतरी घासतंय. डावीकडून आलं की किंचित डावीकडे थांबतं आणि उजवीकडून आलं की किंचित उजवीकडे, हे प्ले आणि घासणं दोन्ही मिळून होतं. दर वेळी एकाच बाजूला राहत असेल तर ते बहुधा ट्रिमचं, म्हणजे रिमोटवरून मध्य किंचित सरकवायच्या बटणाचं, काम आहे, रिमोटवरचा ट्रिम धक्क्याने सरकलाय का ते बघा, मगच पाने बाहेर काढा.

ही कलती करायची परीक्षा मी पैसे मोजून शिकलोय. सुरुवातीच्या दिवसांत एका गाडीचा प्ले घालवायचाच या हट्टाने मी किंगपिन, बेल-क्रँकचे स्क्रू, पिलो-बॉल, सगळं कचकचीत आवळलं. टेबलावर चाक तसूभर हलेना. स्वतःवर खूष होऊन विजापूर रोडच्या बाजूला गाडी घेऊन गेलो. मे महिना, सकाळचे साडेनऊ, तरी ऊन मी म्हणत होतं. पाच मिनिटांत सर्वो गुणगुणायला लागला, दहाव्या मिनिटाला वास आला. हात लावला तर चटका. सर्वो मध्यावर पोचायला धडपडत होता, घर्षणामुळे पोचत नव्हता आणि सारखा करंट ओढत होता. नवा कोरा सर्वो त्या दिवशी गेला. त्यानंतर मी थोडा प्ले सोडतोच. टायरच्या कडेला अर्धा-पाऊण मिमी राहू द्या, माळावर तो कळतही नाही.

एवढं सगळं करूनही गाडी झोकांड्या खात असेल तर पुढचं सोडा आणि मागे या. हे कुणी सांगत नाही. मागच्या आर्मच्या हिंज पिनची भोकं मोठी झाली की मागची चाकं जोर लागल्यावर स्वतःच वळतात, आणि हातात रिमोट असलेल्याला वाटतं स्टिअरिंग सैल आहे. बग्गी-ट्रकांची मागची चाकं मुद्दाम किंचित आत वळवून बसवलेली असतात, अनेक गाड्यांत ३ अंशांच्या आसपास, म्हणजे गाडी सरळ राहते. एका बाजूला ते ३ आणि दुसऱ्या बाजूला ढिलाईमुळे कधी १ कधी ४ झालं, तर पुढून काहीही करा, ती तिरकीच जाणार. मागचं चाक तीन-नऊला धरून हलवा, एका मिनिटाचं काम आहे. पिन वाकली असेल तर काचेवर लोळवून बघितलं की लगेच कळतं.

जोडणी करताना क्रम पाळा. रिमोटचा ट्रिम शून्यावर, गाडी चालू, सर्वो मध्यावर आला की मगच हॉर्न शाफ्टवर घाला, ड्रॅग लिंकशी काटकोनात. नेमका काटकोन मिळाला नाही तर जवळचा दात घ्या आणि उरलेलं रिमोटच्या सब-ट्रिमने भरून काढा. मग बेल-क्रँक मध्यावर येईल अशी ड्रॅग लिंक जुळवा. शेवटी टाय रॉड. पुढची चाकं अगदी सरळ किंवा नावापुरती आत. बाहेर वळलेली चाकं वळणाला चटकन तोंड घालतात पण सरळ रस्त्यावर गाडी भिरभिरते, आणि तुमची तक्रार तीच आहे. मग रिमोटवर दोन्ही बाजूंची शेवटची मर्यादा लावा. चाक टेकल्यावरही सर्वो गुणगुणत असेल तर मर्यादा थोडी कमी करा.

धातूत जाणाऱ्या स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद), थेंबाचा चौथा हिस्सा. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्याला अजिबात नाही, काही प्लास्टिकं त्याने तडकतात. अॅलन की चांगल्या घ्या. एम३ म्हणजे ३ मिमी जाडीच्या स्क्रूच्या चपट्या डोक्याला २ मिमी, उंच डोक्याला २.५, बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूला १.५. सायकल दुकानातल्या घासलेल्या कीने एक स्क्रू गोल झाला की तासभर ड्रिल घेऊन बसावं लागतं.

मोठ्या सर्वोबद्दल आणखी एक. २० किलोचा सर्वो अडला की बराच करंट खेचतो. गाडीच्या ईएससीतून (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डबीतून) येणारा ६ व्होल्टचा पुरवठा तेवढा देऊ शकला नाही तर व्होल्टेज पडतं, रिसीव्हर क्षणभर झोपतो आणि स्टिअरिंग थरथरतं. ते ढिलाईसारखं वाटतं पण हाताने हलवून सापडत नाही. वळवताना गाडी मधेच बंद-चालू झाल्यासारखी वाटते का, तेवढं बघा.

नवे नायलॉनचे नकल किंवा आर्म घेतलेत तर बसवण्याआधी वीसेक मिनिटं पाण्यात उकळून तसेच थंड होऊ द्या. नायलॉन पाणी पितं आणि ठिसूळपणा कमी होतो. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हे करण्यासारखं आहे. पातेलं मात्र स्वतःचं घ्या, चहाच्या पातेल्यावरून आमच्या घरी दोन दिवस अबोला होता.

पळवून आल्यावर पाण्याचा पाइप मारू नका. काळी माती ओली असेल तर आधी वाळू द्या, वाळली की ब्रशने ढेकळं निघतात, मग सायकल पंपाने हवा मारा. चाकाच्या आतल्या बाजूला चिकटलेली माती जरूर काढा, एका बाजूला ढेकूळ राहिलं तर चाक थरथरतं आणि तुम्ही पुन्हा प्ले शोधत बसाल. बेल-क्रँकला तेल नाही म्हणजे नाही. तिथे वंगण हवंच असेल तर कोरडं पीटीएफई (टेफ्लॉन) किंवा ग्रॅफाइट.

आता तुमच्या गाडीवरचा माझा अंदाज: बेल-क्रँकची बुशं गेलीत, बाहेरच्या कपांपैकी दोन तरी सैल आहेत, आणि जुना हॉर्न नव्या सर्वोवर बसवलाय. या क्रमाने उघडा. कुठल्या ठिपक्यापाशी हालचाल थांबते ते लिहून कळवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल. आणि ते व्हाइटनरचे ठिपके पुसू नका, दिवाळीच्या सुट्टीत मुलगा रोज गाडी काढणार, तेव्हा पुन्हा लागतील.